पक्क्या मिस्त्रींचं गळकं काम

पक्के मिस्त्री हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते थोरल्या बहिणीशिवाय कुणाला आठवतही नसे. चाळीस वर्षं या गवंड्यानं एकच केलं, पाणी अडवलं. गच्ची असो, मोरी असो, त्यांचा हात फिरला की थेंब झिरपायची बिशाद नव्हती. दुसऱ्या कुणाचं काम गळलं की ते मुद्दाम तिथे चक्कर मारत, भरपूर हळहळत आणि घरी येऊन दोन घास जास्त जेवत.

अशा माणसाला उतारवयात नगरपालिकेनं त्यांच्याच गल्लीत गळकी फरशी घालायला लावली.

"खाली खडीचा थर, वर ब्लॉक. दोन ब्लॉकमध्ये बोटभर फट, फटीत बारीक खडी. सिमेंट अजिबात नाही," इंजिनिअरबाईंनी सांगितलं. "पाणी गटाराकडे धावायलाच नको. पडेल तिथे मुरू दे."

"आणि लोक शिव्या घालतील त्या?"

"त्या मी खाईन, मिस्त्री."

गल्लीच्या सखल टोकाला ती बहीण राहायची. आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं होतं. दर पावसात तिच्या घरात घोट्याएवढं पाणी शिरे, शिवणयंत्र विटांवर चढे. यंदा तिनं बजावलं होतं, "या खेपेला पाणी आत आलं, तर मी कायमची लेकाकडे जाते. झेपत नाही रे आता." मिस्त्रींना तिच्यावाचून जगात कुणी नव्हतं.

मग त्यांनी गल्ली बाईंच्या सांगण्याप्रमाणे केली, नाकं मुरडत. सरकारी काम, गळेना का! पण ताईच्या दारापुढचे दहा फूट? तिथे त्यांनी जीव ओतला. खडीच्या थराऐवजी काँक्रीट, फटीफटीत सिमेंट, त्यात पदरचं वॉटरप्रूफिंगचं केमिकल, आणि वरून तोंड दिसेल असा हात मारला. "ताई, आता निवांत झोप," ते म्हणाले.

पाऊस दोन तास कोसळला. सगळी गल्ली घटाघटा पाणी पिऊन मोकळी झाली. तळं साचलं फक्त ताईच्या दारापुढे, तिच्याच छपराच्या पन्हळीचं, आणि ते उंबरा ओलांडून आत गेलं. ताईनं यंत्र विटांवर चढवलं आणि बॅग भरायला घेतली.

इंजिनिअरबाईंनी वाकून पाहिलं. "हे एवढंच असं कुणी केलं?"

मिस्त्रींच्या मनात खोटं बोलायचं आलं होतं. "मीच. बहिणीचं घर आहे," ते म्हणाले.

बाई हसल्या नाहीत, ते त्यांना जास्त लागलं.

दहा फूट फोडायला तीन दिवस गेले. दोन छिन्न्या बोथटल्या, अंगठा सुजला. कामच इतकं चोख, दोष कुणाला देणार? ताई दारात बॅगेवर बसून बघत होती.

चौथ्या दिवशी संध्याकाळी नव्या फटीत खडी भरून मिस्त्री मागे सरकले. ताईनं भरलेली बादली आणून दारापुढे ओतली. पाणी क्षणभर थबकलं आणि दिसेनासं झालं. मिस्त्रींनी सवयीनं मान खाली घातली.

"छान गळतंय रे," ताई म्हणाली, आणि बॅग उचलून आत घेऊन गेली.