मधूला न सांगितलेलं उत्तर

मधू गेल्याचं शैलाने, त्याच्या बायकोने, फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "पण त्याचा आलेख..." तिला ते ऐकू गेलं नसावं, अशी आशा मी महिनाभर करते आहे.

मधू आणि मी खगोलशास्त्र एकत्र शिकलो आणि हैदराबादेतच शिकवता शिकवता म्हातारे झालो. आमचा एक लाडका तारा होता. रेडिओ लहरींत तो कित्येक दिवस गप्प असायचा आणि मग एकाएकी भडकायचा. तेव्हा तो एक्स-रेमध्येही भडकतो का, हा मधूचा जन्माचा प्रश्न, आणि भडकतोच, हा त्याचा अंदाज. यंदा आमच्या जुन्या विद्यार्थिनीने उपग्रह आणि रेडिओ दुर्बिणी एकाच वेळी त्याच्यावर रोखल्या आणि आकडे आम्हा निवृत्तांना दिले. रेडिओचे त्याला, एक्स-रेचे मला. दोघांचं काम पुरं होईपर्यंत एकमेकांना काही सांगायचं नाही, हा आमचा नियम. नाहीतर दुसऱ्याला दिसलेलं आपल्यालाही दिसायला लागतं. नियम माझाच. पंचविशीतली मी म्हणजे जाड चष्मा, डोक्यात हवा आणि आपल्यावाचून विज्ञान अडलंय ही खात्री. मधूने तेव्हा "जी, मॅडम" म्हणत हात जोडले होते... पण पाळला मात्र जन्मभर.

नल्लकुंट्याच्या दवाखान्यात त्याला भेटले तेव्हा माझं काम झालं होतं, त्याचं अर्धं राहिलं होतं. सलाईनचा हात जरा उचलून म्हणाला, "नियम राहू दे गं. एक्स-रेत भडकला का? हौ का नक्को, एवढंच सांग."

मला चेष्टेची लहर आली. आधी घरी चल, तुझा आलेख काढ, फुकट नाही सांगणार, म्हटलं. उत्सुकतेपोटी तरी हा लवकर उठेल, असं वाटलं होतं. औषध दिल्याच्या थाटात मी बाहेर पडले.

परवा त्यांच्या घरी बसून त्याचा आलेख मीच पुरा केला आणि माझ्या आलेखाशेजारी मांडला. रेडिओ आधी उसळलेला. एक्स-रे त्याच्या मागोमाग, सावकाश चढलेला. शैला भाजी निवडता निवडता वाकून बघत होती.

"म्हणजे यांचं बरोबर होतं?"

"हो."

"तुम्हाला दवाखान्यातच माहीत होतं ना, ताई?"

मी होकाराची मान हलवली. तिने हातातल्या भाजीचे देठ खुडले. मग म्हणाली, "तुम्ही गेल्यावर हसत होते. म्हणाले, एक्स-रे चढला असणार, त्याशिवाय ती एवढी चिडवायची नाही."

तो हे खरंच म्हणाला, की मला बरं वाटावं म्हणून हिने रचलं... जन्मभर प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागत आलेली मी, पण विचारलं नाही. कागद पंख्याने फडफडत होते. शैलाने उठून त्यांवर त्याचा चष्मा ठेवला.