परकराच्या शिवणीतल्या नोटा

सोनौलीला आमची बस थांबली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. समोर कमान, कमानीपलीकडं नेपाळ. बोधगया, सारनाथ, कुशीनगर करून आमची हिंगोलीकडच्या गोरेगावची पस्तीस माणसं लुंबिनीला निघाली होती. माझ्यासोबत माझी माय होती. पासष्टीची, गुडघे धरलेले, पण चालायला माझ्या पुढं.

निघण्याआधी आमच्या गटाचे प्रमुख, गावातलेच एक निवृत्त गुरुजी, सगळ्यांना बजावून सांगत होते, "शंभराच्या वरची आपली नोट तिकडं न्यायची न्हाई." त्या वर्षी तरी नियम तसाच होता. पाचशेची सापडली तर जप्त होणार, वर चौकशी, आणि सगळी बस अडकून पडणार. म्हणून मी हिंगोलीच्या मोंढ्यातल्या एका ओळखीच्या हळद-व्यापाऱ्याकडून शंभराच्या नोटा जमवल्या. निम्म्या कमरेच्या कापडी पट्ट्यात, निम्म्या औषधांच्या डब्यात. कार्ड वेगळं ठेवलं. ते पलीकडच्या मशीनमध्ये चालेल का, हे बँकेतल्या माणसालाही नीट सांगता आलं नव्हतं. दोघींचे सगळे पैसे माझ्याजवळ आहेत, अशी माझी समजूत होती.

बायकांची रांग वेगळी होती. एक महिला जवान प्रत्येकीला चाचपून पुढं सोडत होती. आमच्यापुढं सहा-सात जणी असतील, तेव्हा मायनं माझं कोपर धरलं.

"मले मोरीत जायाचं हाय."

"पलीकडं गेल्यावर जा नं."

"न्हाई, आत्ताच." मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "माह्या परकरात पैसे हायेत."

"कसे पैसे?"

"पाचशाच्या नोटा. चाळीस."

रांग एका पावलानं पुढं सरकली. मी पोट दुखल्याचं निमित्त केलं, मायचा हात धरला आणि दोघी बाहेर पडलो. मागून गुरुजी ओरडले, "बाई, बस थांबणार न्हाई बरं का! अर्धा तास, बस्स!"

रस्त्याकडेच्या एका हॉटेलवाल्यानं मोरी वापरू दिली. दार लावून मायनं लुगडं वर धरलं. परकराच्या नेफ्याखाली आडवी शिवण होती, बारीक टाक्यांची, तिच्याच हातची. कात्री नव्हती. मी दातानं दोरा तोडला आणि एकेक टाका उसवायला लागले. बाहेर कोणीतरी दार वाजवत होतं. माझा राग तोंडातून बाहेर पडलाच.

"तुला गुरुजींनी सांगितलेलं कळलं नव्हतं का? मला तरी सांगायचं! काहून लपवलंस?"

माय भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मी दवाखान्यात नर्स आहे. बायांवर आवाज चढवायची मला सवय नाही. त्या दिवशी मी स्वतःच्या मायवर चढवला.

नोटा घामानं ओल्या झाल्या होत्या. रस्त्यावर येताच एक तरुण चिकटला. "दीदी, बदलवाना है? इधर से निकाल देंगे, चेकिंग भी नहीं होगी." त्याच्याकडं न बघता मी पाटी लावलेल्या दुकानात शिरले. आत एक म्हातारा माणूस बसला होता. शंभराच्या नोटा मिळतील, पण थोडे पैसे कापून, असं तो म्हणाला. मी हो म्हटलं. त्यानं नोटा घेतल्या, गल्ल्यात पाहिलं आणि म्हणाला, "छुट्टा कम है, बगल से लाता हूँ."

आणि तो मायचे सगळे पैसे घेऊन मागच्या दारानं निघून गेला.

मी पावती मागितली नव्हती. नाव विचारलं नव्हतं. बाहेर आमच्या बसचा हॉर्न वाजला, एकदा, मग पुन्हा. माय स्टुलावर बसून मागच्या दाराकडं बघत होती, डोळ्याची पापणी न हलवता. मी उठून त्या दारातून डोकावले. पुढं नुसती गल्ली होती, कोणी नव्हतं. पोलिसांत जायचं तर काय सांगायचं? चाळीस नोटा कुठून आणल्या, कुठं नेत होतो?

म्हातारा दहा मिनिटांनी आला. दोन पुडकी टेबलावर ठेवून म्हणाला, "गिन लीजिए, माताजी." मायनं मोजलं. बराबर होतं. मी त्या माणसाचे आभार मानले की नाही, मला आठवत नाही.

रांगेत आम्ही शेवटच्या. महिला जवानाचा हात मायच्या कमरेशी थांबला. नेफ्याखाली उसवलेला दोरा लोंबत होता.

"अम्मा, ये सिलाई अभी खोली क्या?"

मी काही बोलणार, त्याआधीच माय म्हणाली, "व्हय बाई. पाचशे के नोट थे. बदल के लाए. देखो." आणि तिनं पिशवी उघडून शंभराची पुडकी पुढं केली.

जवान तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं पिशवीचं तोंड स्वतःच बंद केलं आणि म्हणाली, "सामने मत खोलिए, सब देख रहे हैं. जाइए."

बसमध्ये गुरुजी रागावले, मग शांत झाले. मीच विचारलं, या वेळी हळू, "एवढे पैसे कशाला गं माय?"

"तुहा बाप नाशिककडं कामावर गेला अन् तिथंच मेला. तू सा वर्साची होतीस. त्याले घरी आणायले गाडीवाला पैसे मागत होता. गावातल्या लोकायनं वर्गणी केली, तवा आणला. मी दारोदार फिरले." ती खिडकीबाहेर बघत होती. "हा तर दुसरा मुलूख. मले इथं काही झालं, तर तू कोनापुढं हात पसरशील?"

मेलेल्या माणसाला घरी न्यायला धडपडणारी माणसं मी दवाखान्यात रोज बघते. गाडीवाल्याशी मीच बोलते, कागद मीच भरून देते. पण हे मायच्या मनात असेल, हे कधी सुचलं नव्हतं.

"माय, मघाशी मी लई बोलले."

"बोललीस." मग तिनं विचारलं, "इथून कसं नेतात गं मानसाले? कागद लागतात का?"

मग लुंबिनी येईपर्यंत मी तिला सांगत होते. डॉक्टरचा दाखला, पोलिसांचा कागद, आपल्या सरकारच्या कचेरीत कोणाला भेटायचं, गाडी कुठून करायची. ती मधेमधे प्रश्न विचारत होती, मान हलवत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं पिशवीतली दोन्ही पुडकी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.