नजफगढची मॅच आणि पाहुण्यांच्या बाजूने मी एकटी

मेश्राम काका रिटायर होऊन नागपूरला परत गेले, त्याला तीन महिने झाले. त्या तीन महिन्यांत मी आमच्या फुटबॉल क्लबची एकही मॅच पाहिली नव्हती. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी नोएडातल्या फ्लॅटमध्ये चहा घेताना लक्षात आलं, की शुक्रवारी ऑफिसात ‘हॅपी वीकेंड’ म्हटल्यापासून आपण कुणाशी एक शब्दही बोललेलो नाही. सीझनची शेवटची मॅच त्याच दुपारी होती, नजफगढच्या पुढच्या एका गावात. बरोबरी साधली तरी क्लब डिव्हिजनमध्ये टिकणार होता आणि हरला तर खाली जाणार होता. मी बूट चढवले.

क्लबचं खरं नाव लिहीत नाही, आपण त्याला ‘जमनापार’ म्हणू. यमुनेपलीकडच्या गल्ल्यांतली मुलं, बहुतेक जण जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांत कामाला. चार वर्षांपूर्वी दिल्ली गेटजवळच्या स्टेडियमचं फाटक उघडं दिसलं म्हणून मी सहज आत शिरले होते. तिकीट नव्हतं, प्रेक्षक जेमतेम तीस. मागच्या पायरीवरून आवाज आला, “अबे, काय करून राहिला हा! पास दे ना!” पुण्याहून आल्यापासून दिल्लीत रस्त्यावर ऐकलेलं हे पहिलं मराठी वाक्य. मी वळून पाहिलं आणि हसले. ते मेश्राम काका. केंद्र सरकारात नोकरी, लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर, काकू जाऊन दोन वर्षं झालेली. तेव्हापासून जमनापारची मॅच असली की आम्ही दोघं तिसऱ्या पायरीवर. एकदा करोल बागेतून हिरवं-पांढरं कापड आणून झेंडासुद्धा शिवून घेतला. निघताना तो त्यांनी माझ्याकडे दिला. “नागपुरात मी कोणाला दाखवू हा?” म्हणाले.

आता रस्ता सांगते. नोएडा सेक्टर बासष्टहून ब्लू लाइनने थेट द्वारका, तिथे ग्रे लाइन पकडून शेवटचं स्टेशन, ढांसा बस स्टँड. घरापासून दोन तास धरा, कार्डावर साठेक रुपये जातात. पुढे शेअर ई-रिक्षा मिळते, माणशी वीस. महिला वाचकांसाठी एक सूचना: ग्राउंडवर टॉयलेट नाही, जे काही करायचं ते मेट्रो स्टेशनवर उरकून घ्या. आणि स्टँडच्या बाहेर कोळशावर भाजलेल्या रताळ्यांची चाट मिळते, लिंबू आणि काळं मीठ मारून. ती चुकवू नका. मी उभ्यानेच दोन द्रोण खाल्ले. शेजारी एक कुटुंब एकाच द्रोणात पाच काड्या घालून खात होतं. मला पुढे जायची घाई नव्हती, तरी मी घाई असल्यासारखी निघाले.

ई-रिक्षा शहरातून बाहेर पडली की दोन्ही बाजूंना मोहरी सुरू होते. इतकं पिवळं, की डोळे किलकिले करावे लागतात. ग्राउंड म्हणजे गावच्या शाळेमागचं मैदान, गवत कमी आणि धूळ जास्त. एका बाजूला सिमेंटच्या चार पायऱ्या, त्यावर गावचे म्हातारे हुक्का घेऊन बसलेले. मी कोपऱ्यातल्या कठड्याला झेंडा बांधला. एक आजोबा बराच वेळ माझ्याकडे बघत होते. शेवटी विचारलंच, “बेटी, किसके साथ आई है?”

“अकेली. नोएडा से.”

“मैच देखने? नोएडा से?” मी मान हलवली. त्यांनी हुक्क्याची नळी शेजाऱ्याकडे दिली आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. दोघं माझ्याकडे वळून बघायला लागले.

मॅच सुरू झाली. विसाव्या मिनिटाला आमच्या अकरा नंबरने फ्री किकवर गोल केला. चेंडू बचावपटूंच्या भिंतीवरून वळला आणि थेट कोपऱ्यात. मी उभी राहून ओरडले. पायऱ्यांवर शांतता. माझा एकटीचा आवाज त्या मैदानावर इतका विचित्र वाटला की मी पटकन खाली बसले.

हाफ टाइमला काकांचा फोन आला. “काय म्हणते आपली टीम?”

“एक-शून्य काका! पुढे आहोत!”

“अन् तो गोलकीपर? पुढे धावून नाही ना राहिला?”

“आज जागेवर आहे.”

“मग होते. टिकतो आपण.” मागे टीव्हीचा आवाज, कुणीतरी त्यांना जेवायला बोलावत होतं. “तू काही खाल्लं की नाही? बरं, ठेवतो, सून वाट पाहते.” फोन बंद झाल्यावरही मी तो थोडा वेळ कानाशी धरून ठेवला.

दुसऱ्या हाफमध्ये ऊन तिरपं होऊन आमच्या गोलकीपरच्या डोळ्यांवर आलं. साठाव्या मिनिटाच्या आसपास यजमानांनी बरोबरी केली. तरी चालणार होतं. आमचा सहा नंबर, कॅप्टन, उंच आणि किंचित लंगडत खेळणारा, प्रत्येक चेंडूवर अंग टाकत होता. नव्वद मिनिटं झाली. रेफरीने तीन मिनिटं वाढवली. शेवटचा कॉर्नर यजमानांना. गोलकीपर धावत पुढे आला, चेंडू त्याच्या मुठीवरून गेला, मागे उभ्या असलेल्या त्यांच्या कुणीतरी नुसतं डोकं लावलं आणि गोल. पायऱ्यांवरचे सगळे म्हातारे उभे राहिले. आमचा सहा नंबर होता तिथेच धुळीत बसला.

झेंड्याची गाठ सोडता सुटेना. मी नखांनी ती ओढत असताना कठड्यापलीकडे कुणीतरी येऊन उभं राहिलं. सहा नंबर. गुडघ्यातून रक्त, कपाळावर धूळ. चार वर्षांत मी त्याला इतक्या जवळून पहिल्यांदा पाहत होते. तिशीचा असेल, कानशिलावर थोडे पांढरे केस.

“सॉरी मैडम,” तो म्हणाला. “आज अच्छा नहीं दिखा पाए. लेकिन कंपनी को बोलिएगा, लड़के मेहनती हैं.”

“कौन-सी कंपनी?”

तो गोंधळला. “आप लोग... आप और वो अंकल. कंपनी की तरफ़ से आते थे न? स्पॉन्सर वाले?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. चार वर्षं आम्ही तिसऱ्या पायरीवर बसून शेंगदाणे खात होतो आणि खाली ही मुलं समजत होती, की आम्ही त्यांना पारखतोय. कुणाची तरी फाइल बनवतोय. तीन महिने आम्ही दिसलो नाही, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल?

“नहीं,” मी म्हणाले. “किसी की तरफ़ से नहीं. हम बस देखने आते थे.”

त्याने मनगटाने कपाळावरची धूळ पुसली. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं. “हमें देखने?” त्याने विचारलं. “हारते हुए?”

“कभी-कभी जीतते भी थे,” मी म्हणाले. तेवढंच सुचलं.

तो हसला, फार नाही. वाकून त्याने ती गाठ एका झटक्यात सोडवली आणि झेंडा माझ्या हातात दिला. “नईम,” स्वतःकडे बोट दाखवून म्हणाला. “टेम्पो में जगह है. द्वारका छोड़ देंगे.”

टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मला खिडकीची सीट मिळाली. घाम, बाम आणि ओल्या मोज्यांचा वास. गोलकीपर सगळ्यात मागे तोंडावर टॉवेल घेऊन बसला होता. कुणीतरी संत्री पुढे पाठवली, एक माझ्यापर्यंतही आलं. थोड्या वेळाने पुढच्या सीटवरच्या मुलाने हळू आवाजात विचारलं, “नईम भाई, कंपनी से नहीं, तो मैडम कौन हैं?”

“देखने आती हैं.”

“बस?”

“बस.”

त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी संत्रं सोलत राहिले. द्वारकेला उतरताना काहीतरी म्हणायला हवं होतं, पण माझ्याकडे असलेली सगळी हिंदी ऑफिसची. ‘थैंक यू’ म्हणाले. नईमने माझा नंबर घेतला आणि मिस्ड कॉल दिला.

हे मी रविवारी सकाळी घरी बसून लिहितेय. हा प्रवास करावा का? मोहरीसाठी, रताळ्यांसाठी जरूर करा. पण मला डाचतंय ते वेगळंच. मला वाटायचं, दिल्लीत मी एकटी आहे कारण इथे मला कुणी ओळखत नाही. पण या मुलांनी चार वर्षं मला दर मॅचला पाहिलं होतं, ती माझ्याबद्दल बोललीही होती. तीन पायऱ्या उतरून नाव विचारायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही. काका होते तेव्हा गरज वाटली नाही, आणि ते गेल्यावर मी घरीच बसले.

मघाशी नईमला मेसेज केला, सगळ्या टीमची नावं पाठव म्हणून. तासाभराने यादी आली, सोळा नावं. खाली लिहिलं होतं, ‘क्यों मैडम?’ मी यादी दोनदा वाचली. नईम सोडला तर एकाही नावापुढे मला चेहरा ठेवता येईना. अकरा नंबर फैजान की आमिर, तेही माहीत नाही.

‘अगले सीज़न नाम लेकर चिल्लाना है,’ मी लिहिलं.

त्याचं उत्तर आलं: ‘नीचे वाली डिवीज़न में ग्राउंड और दूर हैं.’