तोंडाला विचारा

शिरसाठ सर शिकवायला उभे राहिले की पहिलं काम म्हणजे आम्हाला डोळे मिटायला लावणं. सातपूरच्या आमच्या वसाहतीतल्या बुद्धविहारात संध्याकाळी त्यांचा इंग्रजीचा वर्ग भरे. पहिली पाळी संपवून आलेली, हात धुऊनही ऑइलचा वास न गेलेली आम्ही सात माणसं सतरंजीवर बसायचो. बाहेरून बघणाऱ्याला वाटे, ध्यान चाललंय. प्रत्यक्षात आम्ही ‘ए अंब्रेला, ॲन अंब्रेला’ असं पुटपुटत असायचो.

सर नगरपालिकेच्या शाळेत मास्तर होते. किडकिडीत बांधा, कडक इस्त्रीचा सदरा आणि आवाज मात्र पहिलवानाचा. ‘ए’ की ‘ॲन’ हे ठरवायला शाळेत आम्हाला पाच स्वर पाठ करायला लावले होते आणि त्या पाचांनीच माझा घात केला होता. सतरा नंबरचा फॉर्म भरून दोनदा बाहेरून दहावीला बसलो, दोन्ही वेळा इंग्रजीनं लोळवलं. कारखान्यात लेथवरून माल तपासायच्या चेकिंग खात्यात जायला दहावी पास लागे, आणि तिशी ओलांडलेल्याला तिथं घेत नसत. मला एकोणतिसावं लागलं होतं. हे सांगितल्यावर सरांनी सहानुभूती वगैरे काही दाखवली नाही. त्यांनी विचारलं, “टूल बोथट झालं, हे तुम्हाला कशानं कळतं?”

“आवाजानं.”

“मग इथं डोळे फाडून अक्षरं कसली बघता? तोंडाला विचारा. ‘ए अवर’ म्हणून बघा, जीभ अडखळते की नाही? अडखळली की ‘ॲन’ घाला.”

कुणी हळूच डोळा उघडला की ते म्हणत, “बघताय काय? ऐका.” आमच्यातले रज्जाकभाई तर बसस्टॉपवरही डोळे मिटून पुटपुटायचे. एकदा त्यात बस निघून गेली. सरांना ते कळलं तेव्हा त्यांचा चेहरा असा खुलला की रज्जाकभाईंना चालत आल्याचं काही वाटलं नाही.

इंग्रजीच्या पेपरला मात्र हीच सवय अंगाशी आली. फॉर्म एकत्र भरल्यामुळे आमचे नंबर ओळीनं आले होते. गाळलेल्या जागांचा प्रश्न आला आणि सातही जणांनी डोळे मिटून पुटपुटायला सुरुवात केली. पर्यवेक्षकांनी धावत येऊन आमचे पेपर काढून घेतले. हे एकमेकांना उत्तरं सांगतायत, अशी तक्रार केंद्रप्रमुखांकडे गेली. सगळं इथंच संपलं असं वाटलं.

रज्जाकभाई शांतपणे उठून उभे राहिले. “साहेब, आम्ही सांगत नाय. आम्ही ऐकतोय.”

केंद्रप्रमुखांना काही उमगेना. मग मला धीर आला. मी म्हणालो, “आम्हाला लांब लांब बसवा, एकाचा शब्द दुसऱ्याला जाणार नाही इतकं. पण तेवढं पुटपुटू द्या.”

केंद्रप्रमुखांनी बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात सात बाकं टाकायला लावली आणि पेपर परत दिले. हात मागे बांधून ते स्वतः फेऱ्या मारत होते. माझ्याजवळ थांबले तेव्हा मी ‘ऑनेस्ट मॅन’पाशी होतो. दोन्ही तऱ्हांनी म्हणून बघितलं आणि ‘ॲन’ लिहिलं. ते पुढे गेले तेव्हा त्यांचेही ओठ हलत होते.

सातही जण पास झालो. वसाहतीत ताशे वाजले, सरांना खांद्यावर घेतलं, आणि महिन्याभरात मी चेकिंगमध्ये रुजू झालो. माझ्या घरात आजवर कुणी दहावी झालं नव्हतं. आईनं तो निकालाचा कागद शेजारच्या सगळ्या घरांतून फिरवून आणला.

पुढच्या वर्षी सरांचे बाराजण परीक्षेला बसले. सर आणि मी त्यांना सोडायला गेलो तर व्हरांड्यात बाकं आधीच मांडलेली होती, चांगली दूर दूर. केंद्रप्रमुखांनी बाराजणांची नावं घेऊन त्यांना तिथं बसवलं. पेपर सुरू झाला तरी सर फाटकाबाहेरून हलेनात. समोर बारा माणसं डोळे मिटून पुटपुटत होती. सरांनीही डोळे मिटले.

“बरोबर म्हणतायत सगळे,” ते म्हणाले.

एवढ्या लांबून त्यांना एक अक्षरही ऐकू येणं शक्य नव्हतं.