बोलायला की मिरवायला?

काका फोन हातात घेत नसत, तपासत. आधी तो पालथा करायचे, मग बोट वाकवून त्याच्या पाठीवर टकटक वाजवायचे आणि नारळ घेताना ऐकतो तसा कान देऊन ऐकायचे. आत पाणी किती आणि खोबरं किती, हे त्यांना कसं कळायचं देव जाणे. मग चष्म्यावरून बघत एकच प्रश्न यायचा, "बोलायला घेतलास की मिरवायला?"

या प्रश्नातून सुटका नव्हती. बोलायला म्हणावं, तर एवढा महाग कशाला? आणि मिरवायला म्हणायची हिंमत आमच्या मुलुंडच्या चार मजली सोसायटीत कुणाच्या बापाची नव्हती. असा एखादा माणूस तुमच्याही इमारतीत असेलच. नसेल, तर जरा विचार करा, तो तुम्हीच तर नाही ना?

काका एका औषध कंपनीच्या खरेदी खात्यातून निवृत्त झाले होते. खातं सुटलं, खरेदी सुटली नाही. आता ते दुसऱ्यांची करायचे. कुणाचा फोन बिघडल्याची बातमी दुरुस्तीवाल्याच्या आधी त्यांच्याकडे पोचायची आणि संध्याकाळी बेल वाजायची. "गरज सांग," खुर्चीत बसायच्या आधीच ते विचारायचे. "फोन येतो, मेसेज येतो, रिक्षावाल्याला पैसे जातात, पोरांच्या शाळेचा ग्रुप दिसतो. अजून काय पायजे तुला? चंद्राचे फोटो काढणारेस?"

मग ते त्या माणसाला स्वतः दुकानात घेऊन जायचे. स्टेशनजवळच्या दुकानातला सेल्समन त्यांना बघून चहा प्यायला निघून जायचा. एकदा तो सापडला आणि बिचाऱ्याने चूक केली. महागातला फोन पुढे करून म्हणाला, "सर, प्रीमियम आहे. हातात घेऊन फील बघा." "फील मला घरी बसून पण येतो," काका म्हणाले, "रेंज येते का ते सांग." रेंज बघायला त्यांनी आमच्या पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांना शेजारच्या मॉलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरवलं. मास्तर गाड्यांच्या मधे उभे राहून "हॅलो, हॅलो" ओरडत राहिले. वॉचमनने त्यांना बाहेर काढलं, पण रेंज येते हे सिद्ध झालं.

स्वतः काकांचा फोन म्हणजे काटकसरीचा आदर्श होता. मागचं झाकण पडू नये म्हणून त्याला रबरबँड लावलेला असे. बॅटरी दुपारपर्यंत टिकायची. दुपारनंतर काका आमच्या घरी येऊन आमच्या फोनवरून बोलायचे. त्यामुळे त्यांना त्या फोनचा खर्च खरोखरच कमी यायचा.

अख्ख्या इमारतीने त्यांच्या धाकाने साधे फोन घेतले. ज्यांनी घेतले नाहीत, त्यांनी लपवले. तिसऱ्या मजल्यावरचा नवा नोकरीवाला मुलगा "ऑफिसने दिलाय" म्हणायचा. मी महागातला घेतला आणि त्यावर फुटपाथवरून आणलेलं, भलत्याच स्वस्त कंपनीचं नाव छापलेलं काळं कव्हर चढवलं. त्याचं भोक माझ्या कॅमेऱ्याशी जुळत नव्हतं. त्यामुळे माझ्या भाचीच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत वरचं अर्धं आभाळ काळंकुट्ट आहे. चांगल्या कॅमेऱ्यासाठीच घेतला होता तो फोन.

आता काकूंविषयी. काकू म्हणजे आवाज. त्या वरून खिडकीतून आमच्या गेटवरच्या भाजीवाल्याशी घासाघीस करायच्या, तेव्हा शेजारच्या सोसायटीतला भाजीवालाही भाव उतरवायचा. मूळच्या मालवणकडच्या. राग आला की मालवणी बाहेर पडायची, आणि राग रोज यायचा. त्यामुळे काकूंचा आवाज बसला, तेव्हा आम्हाला, खरं सांगते, जरा बरंच वाटलं. कुणी हळदीचं दूध सांगितलं, कुणी ज्येष्ठमध. आवाज काही सुटला नाही. मग तपासण्या झाल्या. घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज वाचणार नाही.

हे सोसायटीला नंतर कळलं. त्याआधी एका दुपारी काका माझ्या दारात उभे राहिले. "तुझा फोन दाखव," म्हणाले. "तो महागातला. कव्हर काढून."

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्या कंपनीचा फोन एवढा जड नसतो गं." त्यांनी फोन हातात घेतला. पालथा केला नाही, वाजवला नाही. "यात आवाज कसा रेकॉर्ड होतो? म्हणजे आहे तसा येतो का?" मग त्यांनी काकूंचं सांगितलं. सांगताना ते सगळा वेळ माझ्या चपलांच्या स्टँडकडे बघत होते.

आम्ही तिघं दुकानात गेलो. सेल्समनने सवयीने सगळ्यात साधा फोन पुढे केला. "महागातला पण आण," काका म्हणाले. दुकानातला पंखासुद्धा क्षणभर थांबला असावा. एक साधा, एक मधला आणि एक महागातला असे तीन फोन काउंटरवर मांडले. काकांनी पहिल्याचं रेकॉर्डिंग सुरू करायला लावलं आणि काकूंना म्हणाले, "बोल काहीतरी."

"काय बोलू?" काकूंचा आवाज निम्म्यावर आला होता, तरी दुकानाला पुरून उरत होता. "तुमका येड लागला काय? ह्या पैशात आख्ख्या घराक रंग मारून झालो असतो!"

दुसऱ्या फोनवर त्यांनी रबरबँडचा उद्धार केला. तिसऱ्यावर काकांच्या खरेदी खात्याचा, त्यातल्या साहेबांसकट. मग काकांनी एका कानात बोट घातलं, डोळे मिटले आणि तिन्ही शिव्या एकामागून एक ऐकल्या. पुन्हा ऐकल्या.

सेल्समनला राहवलं नाही. त्याने धंद्याशी बेइमानी केली. "काका, खरं सांगू? आवाजासाठी साधा पण चालेल. फार फरक नाही."

"मलाही नाही कळला फरक," काका म्हणाले.

"मग साधाच घेऊ या ना," मी म्हटलं. एवढी वर्षं त्यांनीच शिकवलेलं वाक्य होतं ते.

"अगं, साधा घेतला आणि पुढे कधी वाटलं की थोडा बरा घेतला असता, तर? तेव्हा कुणाचा रेकॉर्ड करू?" त्यांनी महागातल्या फोनवर हात ठेवला. "हा दे."

काकूंनी फोन उचलून पदराने पुसला. म्हणाल्या, "कव्हर पण घ्या. पाडाल."

सोसायटीने सूड घ्यायचा तो घेतलाच. काकूंच्या दुखण्याची बातमी कुणाला नव्हती, फोन सगळ्यांना दिसला होता. लिफ्टमध्ये मास्तरांनी, तळघराची आठवण ठेवून, विचारलं, "काय काका, बोलायला की मिरवायला?"

काका मजल्यांच्या आकड्यांकडे बघत होते. "मिरवायला," म्हणाले आणि उतरले. मास्तरांनी हा विनोद सोसायटीत आठवडाभर सांगितला. मग ऑपरेशनचं कळलं आणि त्यांनी कितीतरी दिवस जिन्याने ये-जा केली.

रेकॉर्डिंग रोज संध्याकाळी चालायचं. चेंबूरला राहणाऱ्या त्यांच्या मुलीची सूचना होती की आईने आरती म्हणावी, नातवंडांना आशीर्वाद द्यावेत. "मी काय मरायला टेकलेय?" काकूंनी तिला उडवून लावलं. त्या रोजचंच बोलल्या. बांगडे किती महागलेत, सोलकढीत लोकं लसूण कशी विसरतात, आणि स्वतःच्या लग्नात नणंदेने काय काय केलं ते सगळं, पदार्थांच्या नावांसकट. खिडकीतून अर्धं आम्हीही ऐकलं. नणंद सोसायटीत आता चांगलीच बदनाम आहे.

ऑपरेशन नीट झालं. काकू घरी आल्या आणि टाइप करायला शिकल्या. सोसायटीच्या ग्रुपवर पाणी वाया घालवणाऱ्यांचा त्या नावानिशी समाचार घेऊ लागल्या. भाजीवाल्याला त्या खिडकीतून टाळी वाजवून बोलवायच्या आणि बोटांनी भाव करायच्या. तो म्हणायचा, पूर्वी निदान वाद तरी घालता यायचा.

आम्ही सगळे काकूंची काळजी करत होतो. काकांची करायला हवी हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. एका सकाळी ते दूध घेऊन आले, गेटपाशी वॉचमनच्या खुर्चीत जरा बसले, आणि उठले नाहीत.

तेरावं झाल्यावर मी काकूंना भेटायला गेले. त्या सोफ्यावर तो फोन कानाला लावून बसल्या होत्या. नणंदेचं प्रकरण चालू होतं. मला वाटलं, बाईला स्वतःच्या आवाजाची आठवण येतेय. म्हणून म्हटलं, "किती छान आलाय ना तुमचा आवाज!"

त्यांनी वैतागून मान हलवली आणि स्वतःच्या फोनवर टाइप करून माझ्यापुढे धरलं. "माझा नाही. नीट ऐक."

मी महागातला फोन कानाला लावला. काकू तावातावाने बोलत होत्या. त्या श्वास घ्यायला थांबल्या आणि फोनच्या अगदी जवळून कुणीतरी म्हणालं, "हं." मग पुन्हा बोलणं, पुन्हा "हं." एकदा "मग?" आणि एकदा, नणंदेने श्रीखंडाचं पातेलं लपवलं तिथे, दबलेलं हसू. काकांचा एवढाच आवाज मागे राहिला होता. तो साठवायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

"हं" आलं की काकू माझ्याकडे बघून बोट वर करायच्या. त्यांना सगळ्या जागा पाठ होत्या.

फोन महागातला, त्यामुळे "हं" अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. साध्या फोनमध्येही आलं असतं म्हणा. पण हे काकूंना कोण सांगणार? मी आवाज आणखी थोडा वाढवला.