वकीलसाहेबांसाठी हीटर

तीन म्हातारे रोज सकाळी एकाच अंगणात बसायला लागले की किस्से गोळा करावे लागत नाहीत. खुर्च्या उचलल्या की खाली सापडतात! हे किस्से लातूरच्या आमच्या अंगणातले, एकाच हिवाळ्यातले. मला ते नीट सांगता येतील की नाही, शंकाच आहे. तरी सांगतोच.

अंगण माझं. मी भौतिकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, पीएच.डी. उष्णतेच्या वहनावर. दुसरे वकीलसाहेब, चार गल्ल्या पलीकडचे. तिसरे गुंडेराव, रेणापूरकडची शेती मुलाच्या हाती देऊन शहरात राहायला आलेले. फिरून आलो की पुढच्या पत्र्याखाली चहा आणि भांडण.

डिसेंबरात थंडी पडली तशी गुंडेरावांनी तुराट्यांची शेकोटी पेटवली. वकीलसाहेबांना दमा. खोकून खोकून डोळे लाल झाले! मफलर गुंडाळत उठले आणि म्हणाले, "मला आता होळीनंतरची तारीख द्या!"

आम्ही हसलो. पण दुसऱ्या दिवशी ते खरंच आले नाहीत. आठवडा गेला. गुंडेरावांचं आणि माझं प्रत्येक विषयावर एकमत व्हायला लागलं. असं कसं चालेल? आणि आमच्या वयाला होळी फार लांब असते हो! मी ठरवलं, अंगणात बिनधुराचा हीटर बसवायचा.

*

नांदेडला माझ्या मेहुण्याकडे गॅसवर चालणारा उंच, छत्रीवाला हीटर आहे. तो बघायला मी आणि गुंडेराव गेलो. गुंडेरावांनी भेट म्हणून हुरड्याची कणसं नेली होती.

मी मेहुण्याला सिलेंडर, नळी, गळती असे बारा प्रश्न विचारले. उत्तरं ऐकून माझी काळजी दुप्पट झाली. आमचा पत्रा बुटका, त्याखाली ही ज्वाळा? छे!

मागे वळून बघतो तर गुंडेरावांनी माझ्या काठीला कणीस बांधून हीटरच्या जाळीसमोर धरलेलं!

"अहो, हे काय?"

"परीक्षा घेऊन राहिलो, सर." चार दाणे तोंडात टाकून त्यांनी निकाल दिला, "ऊब लई हाय. पर धुराबिगर हुरड्याला चव न्हाई. नापास!"

*

मग लातुरातलं दुकान. मी सहा वेळा गेलो. सोबत वही होती, तिच्यात चौदा रकाने.

दुकानदार म्हणाला, "सर, पंख्याचा घ्या. झकास गरम हवा फेकतो."

मी म्हणालो, "उघड्यावर गरम हवा उडून जाते. किरणांनी थेट अंग तापवणारा पाहिजे."

"मग हा भिंतीवरचा इन्फ्रारेड घ्या की."

"तोच बरोबर वाटतो. पण खात्री नाही."

दुकानदार हात जोडून म्हणाला, "सर, मी तुमचाच विद्यार्थी. उष्णतेच्या पेपरात मला तुम्ही नापास केलं होतं. आज उत्तर तुम्हाला येतंय, तरी तुम्हीच कोरी उत्तरपत्रिका देऊन राहिलात!"

*

सातव्या खेपेला घेतला एकदाचा! सकाळी बटण दाबलं. लाल प्रकाश पडला. मी आनंदानं ओरडलो आणि घरभर अंधार! आत गीझर चालू होता.

आमच्या सौ. ओल्या केसांनी दारात आल्या. "अहो, उष्णतेत पीएच.डी. केली ना तुम्ही?"

"हो."

"मग थोडी विजेतही करायची होती!"

इलेक्ट्रिशियननं हीटरला वेगळी लाइन टाकून दिली. मी थर्मामीटर घेऊन अंगणभर फिरलो आणि जिथं ऊब बेताची, तिथं खडूनं तीन गोल काढले. गुंडेराव बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "सर, बसायचं का लंगडी खेळायची?"

*

मग वकीलसाहेबांना निरोप धाडला. येतील का? पुन्हा खोकला उठला तर? मी फाटकाशी येरझाऱ्या घालत होतो. आणि आले! माकडटोपी, मफलर, दोन स्वेटर. मधल्या गोलात बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. खोकला नाही! टोपी उतरली, एक स्वेटर उतरला. गुंडेरावांनी सोयाबीनचा विषय काढताच वकीलसाहेब कडाडले, "साफ चूक!" मला इतका आनंद झाला की चहा बशीत सांडला!

मग त्यांनी मान वर करून हीटरकडे निरखून बघितलं आणि चमकले. "अरेच्चा! अगदी हाच मी चार दिवसांपूर्वी घेतला. म्हटलं, तुम्हा दोघांना माझ्याकडेच बोलवावं. तुमच्यावाचून घरात करमेना हो!"

"हाच? तुम्ही कसा काय निवडला?"

"मला त्यातलं काय कळतं? दुकानदार म्हणाला, उष्णतेत डॉक्टरेट झालेले एक प्रोफेसर खूप अभ्यास करून याच मॉडेलवर आलेत. मी डोळे मिटून घेतला. आणि तुम्ही?"

मी चहाची बशी खाली ठेवली.

"मला तर अजून खात्री नव्हती. पण तो म्हणाला, शहरातले एक मोठे वकील उलटतपासणी घेऊन कालच हा घेऊन गेलेत. म्हटलं, वकिलानं घेतलाय म्हणजे..."

गुंडेरावांनी हीटरकडे पाय लांब केले.

"मंग ह्यो निवडला कुणी?"