धाकटीचे डोळे

अपघातानंतर दोन वर्षं मी देवापुढे हात जोडले नाहीत. रुसलेच होते म्हणा. स्कूटर मी चालवत होते, मागे माझी धाकटी बहीण सुमी. वाळूवरून चाक घसरलं. मला खरचटलं आणि ती गेली. तेव्हापासून ब्रश धरला की हात कापायचा. डॉक्टर म्हणाले, हात ठणठणीत आहे. दुखणं कुठे होतं ते मलाच ठाऊक.

भिंगारला आमच्या वडिलांचा गणपतींचा कारखाना. रंगांच्या त्या वासातच आम्ही दोघी वाढलो. मूर्तींचे डोळे आखायचं काम माझं, पण बुबुळातला शेवटचा पांढरा ठिपका सुमीचा. तो मी दिला तर बाईसाहेब दिवसभर बोलायच्या नाहीत. ठिपका पडला की मूर्तीला दिसायला लागतं, अशी तिची ठाम समजूत. ती भांडणं आठवली की अजून हसू येतं.

गेल्या वर्षी महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी पुणतांब्याहून एक म्हातारी आली. पिशवीत दोन पितळी मुखवटे, थोरली आणि धाकटी. नव्या सुनेने हौसेने धाकटीला चिंच लावून घासलं, तर रंगवलेले डोळेच निघून गेले. वडील बाहेर गेले होते, म्हणून डोळे काढून द्यायला तिने मलाच सांगितलं. मी हात पुढे करून दाखवला. म्हटलं, "आजी, हा बघा कसा कापतोय. माझ्याकडून नाही व्हायचं."

"कापू दे की बाई. वाकडं झालं तरी चालंल," ती म्हणाली. "पर थोरलीशेजारी धाकटीला आंधळी कशी बसवू? थोरलीचा तरी जीव थाऱ्यावर ऱ्हाईल का?"

मला रडूच कोसळलं. ती पाठीवरून हात फिरवत राहिली. मग मी ब्रश उचलला. पापणीची रेघ दोनदा पुसली, तिसऱ्यांदा जरा जाडच आली. ठिपक्याशी मात्र अडले. तो माझा नव्हताच. दोन वर्षं घरात कुणी घेत नव्हतं ते नाव तोंडातून निघालं, "सुमे, तू दे." आणि हात स्थिर झाला. कसा, ते मी शोधत बसले नाही.

"बग, बगती कशी तुज्याकडं!" म्हातारी हसली. मी मुखवट्यापुढे हात जोडले.

हल्ली मी पुन्हा कारखान्यात बसते. हात अजून कापतो. देवीने धडधाकट हात मागितलाच नव्हता, होता तोच मागितला. हे कळायला मला दोन वर्षं लागली. डोळे मीच आखते. ठिपक्याच्या वेळी मात्र आधी सुमीला हाक मारते.